ग्रेडरची वही

उन्हाळ्यात जिनिंग बंद पडलं की
माझ्या बोटांना काम उरत नाही.
सहा महिने ती कापूस ओढतात,
चिमूट धरून, दोन्ही अंगठ्यांत ताणून
धागा कुठं तुटतो ते पाहतात.
वैशाखात मग तीच बोटं
मोबाईलच्या काचेवर.

इजाज फिटर म्हणतो, ठेव बे आता तरी.
पण धर्मकाट्याच्या खोलीत कूलर आहे,
घाटंजीच्या टॉवरची रेंज थेट खिडकीतून येते,
आणि गेल्या हंगामाच्या आवक-वहीत
मागची चाळीस पानं कोरी.
गेम उतरवतो, खेळतो, प्रतवारी लिहितो.

गाड्यांच्या शर्यतीचा:
चकाकी चांगली, पाहताक्षणी भुरळ पडते.
पण वळणावर गाडी काडीसारखी हलकी,
माणूस आदळतो आणि काहीच दुखत नाही.
धागा आखूड.

किल्ला राखायचा:
दोन जीबीची गंजी, उतारा तेहतीस टक्केही नाही.
बाकी सगळी सरकी. नाणी, पेट्या,
रोज सकाळी ये म्हणून केलेली आर्जवं,
आणि राजकन्येची लांबच लांब कहाणी
जी पुढं ढकलता येत नाही.
वजन वाढावं म्हणून रात्री
गाडीवर पाणी मारतात ना, तसं.
ओलावा अठरा. परत पाठवला.

तिसऱ्याचं नाव मोठं.
पहिल्या भागाची पारायणं केली होती
मी आणि इजाजनं, एका रमजानात,
सेहरीपर्यंत जागून.
हा दुसरा भाग. म्हणजे फरदड.
त्याच झाडाला पुन्हा पाणी दिलं,
बोंडं आली, बारकी,
उकलून पाहिलं तर आत
गुलाबी अळी आरामात बसलेली.
इजाज काही बोलला नाही.
पान्हा उचलला आणि
बंदच असलेलं मशीन उगाच खोलून बसला.

दोष मला दिसतो. दोष पाहायचाच पगार आहे.
गुण लिहायला मात्र पेन अडतं.
वीस वर्षांत एकाही गाडीवाल्याला म्हटलं नाही,
भाऊ, तुझा कापूस सुंदर आहे.
भाव वाढवून मागतात.

मग तो नावेचा आला.
एक तळं, काठावर लिंब, एक डोंगा.
वल्हं मारायचं, थांबायचं.
घड्याळ नाही, कोणी मरत नाही.
ताणून पाहिला. तुटेना.
तीन रात्री ताणला.
डोंग्यामागं पाण्यावर जी रेघ उमटते
ती विरायला लागायला हवा तेवढाच वेळ
लागत होता; वाघाडीच्या डोहात
उरल्यासुरल्या पाण्यावर काडी ओढून
मी मोजून आलो.
दोषाच्या रकान्यात आडवी रेघ मारली.
हात थोडा कापला.

मोनाली, चौकीदार जानकू मडावीची,
यंदा आठवीत गेली,
बापाचा डबा घेऊन येते
आणि दारातूनच पाहत राहते.
धर, म्हटलं.
तिनं डोंगा हलवलाच नाही.
काठ पाहत बसली. सूर्य उगवला,
डोक्यावर आला, तळ्यात बुडाला.
तेवढ्यात कूलरचं पाणी संपलं.

"काका, ह्या लिंबाची सावली हालत नाही जी."

चष्मा पुसला. पाहिलं.
सकाळी पश्चिमेला, दुपारी पश्चिमेला,
सूर्य बुडतानाही पश्चिमेलाच,
खळ लावून चिकटवल्यासारखी.
तुले कसं दिसलं?
"बाबा खाट सरकवते ना दिवसभर, सावलीसंगं."

रेघ खोडली. लिहिलं: सावली अडकलेली.
पाहणार, मो. जा. मडावी.
तिनं वाकून वाचलं, नावावर बोट फिरवलं,
मग म्हणाली, "पण चांगला हाय काका.
थे बी लिहा ना."

गुणांचा रकाना कोरा.
भाव वाढवून मागायला इथं कोणी नव्हतं,
तरी मी पेनाचं टोपण
उघडत-मिटत बसलो.
बाहेर जानकूनं खाट ओढल्याचा आवाज आला,
म्हणजे तीन वाजले असावेत.